दोन तानपुऱ्यांच्या मध्ये बसलेले कान

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे हिशेबाच्या खात्यात शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा भास्कर दक्षिणेत उतरले, वडील सोढल यादवांच्या चाकरीत स्थिरावले. राजा सिंघण दुसरा, म्हणजे साधारण 1210 ते 1247 हा काळ. जमाखर्च सांभाळणाऱ्या आणि वैद्यकही जाणणाऱ्या या माणसाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. हिंदुस्थानी गाणारे आणि कर्नाटक गाणारे, दोघेही आजवर ज्याचा आधार घेतात असा हा सात अध्यायांचा ग्रंथ छत्रपती संभाजीनगरपासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर राजधानी असलेल्या दरबारात तयार झाला. त्या राजधानीचे नाव पुढे दौलताबाद झाले आणि वेरूळला जाणारे बहुतेक लोक तिथे किल्ला चढून, दमून, उसाचा रस पिऊन पुढे जातात. शहरातले महागामी गुरुकुल मात्र शार्ङ्गदेवाच्या नावाने समारोह भरवते, ही समाधानाची गोष्ट.

या ग्रंथातली एक कृती मला फार विलक्षण वाटते. दोन वीणा घ्यायच्या, दोन्हींना बावीस-बावीस तारा. पहिली तार जमेल तितकी खाली लावायची. दुसरी तिच्यापेक्षा किंचित चढी, इतकी किंचित की दोघींच्या मध्ये तिसरा नाद शिरू नये. अशा बावीस. मग एक वीणा ‘ध्रुव’ ठरवायची, तिला हात लावायचा नाही. दुसरी ‘चल’. तिच्या तारा एकेका श्रुतीने उतरवत जायच्या आणि तिचे स्वर ध्रुव वीणेच्या कोणत्या स्वरांत जाऊन मिळतात ते ऐकायचे. उतरवण्याच्या या फेऱ्यांना सारणा म्हणतात, त्या चार. दोन वीणांची मूळ कल्पना भरताच्या नाट्यशास्त्रातली, पण बावीस तारांची ही मांडणी शार्ङ्गदेवाची.

कानाची परीक्षा घेणाऱ्या आजच्या कुठल्याही प्रयोगशाळेत गेलात तर हेच चाललेले दिसेल. एक ध्वनी स्थिर, दुसरा सरकता, आणि फरक कळेनासा होईपर्यंत सरकवत राहणे. शार्ङ्गदेव बावीस या आकड्याचे कारण हृदयातल्या बावीस नाड्यांमध्ये शोधतो. ते आजच्या शरीरशास्त्रात टिकत नाही. पण पद्धत टिकते. तिच्यात एक गंमतही आहे. श्रुती समान होत्या की असमान, यावर विद्वानांचे वाद आहेत. हिशेबापुरत्या समान धरल्या तर एका श्रुतीने तारेची कंपने सुमारे तीन टक्क्यांनी बदलतात. सरावलेल्या कानाला मध्यम पट्टीत दोन-दशांश टक्क्याचा फरकही कळतो. म्हणजे दोन शेजारच्या श्रुतींमध्ये आणखी दहा-बारा नाद सहज घुसवता येतील, आणि ते वेगवेगळे ऐकूही येतील. तेव्हा ‘मध्ये तिसरा नाद शिरू नये’ ही अट कानाच्या मर्यादेची नसावी. गाण्यात ज्याला जागा आहे असा तिसरा नाद नको, एवढाच तिचा अर्थ असावा, असे मला वाटते. कानाला जे ऐकू येते आणि गाणारा ज्याची दखल घेतो, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पुढचे सगळे याच फरकाभोवती फिरणार आहे.

कारण तारेच्या फरकापेक्षा कितीतरी बारीक असा एक फरक आपले कान सतत मोजत असतात. गाणे शिकलेल्याचेही आणि आयुष्यात एक सूर न लागलेल्याचेही. तो फरक म्हणजे एकच आवाज एका कानात पोचण्याची आणि दुसऱ्या कानात पोचण्याची वेळ, या दोहोंमधले अंतर.

समोरून येणारा आवाज दोन्ही कानांत एकदम पोचतो. शहरातल्या गुलमंडीत मागून उजव्या अंगाने रिक्षाचा हॉर्न वाजला तर तो उजव्या कानात आधी शिरतो आणि डाव्या कानापर्यंत जायला त्याला डोक्याला वळसा घालावा लागतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर धावतो, आणि डोके ते केवढे! त्यामुळे आवाज अगदी काटकोनात बाजूने आला तरी हा उशीर मोठ्या माणसात 650 मायक्रोसेकंदांच्या आसपास संपतो. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. समोरच्या आवाजापासून थेट बाजूच्या आवाजापर्यंतची सगळी दिशा या साडेसहाशेत मावते.

आता या साडेसहाशेत आपण किती बारीक खुणा वाचू शकतो? 1956 साली क्लम्प आणि ईडी या दोन संशोधकांनी ते मोजले. हेडफोनमधून दोन्ही कानांत एकच आवाज द्यायचा, पण एका बाजूला किंचित उशिरा. चांगल्या श्रोत्यांना दहा मायक्रोसेकंदांच्या आसपासचा फरक कळला. तेवढ्या वेळात आवाज हवेत साडेतीन मिलिमीटर पुढे जातो, म्हणजे ज्वारीच्या एका दाण्याएवढा. दिशेच्या भाषेत सांगायचे तर समोर सुमारे एक अंशाचा बदल कळतो. दहा मीटरवर कोणी डोळ्यांआड वीतभर सरकून बोलले तर आपल्या लक्षात यावे, इतका.

हा आकडा धक्कादायक का आहे, ते मज्जातंतूंकडे पाहिल्यावर कळते. मज्जापेशीतून जाणारा एक विद्युत ठोका साधारण एक मिलिसेकंद टिकतो, म्हणजे एक हजार मायक्रोसेकंद. ज्या यंत्राचा एकेक ठोका हजार मायक्रोसेकंदांचा, त्याने दहा मायक्रोसेकंद मोजायचे! शरीरात इतक्या बारीक वेळेचे काम दुसरे कोणते नाही.

जाता जाता एक स्थानिक हिशेब. हवा तापली की आवाज जोरात धावतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा आवाजाचा वेग सेकंदाला 355 मीटरच्या आसपास जातो. डिसेंबरच्या पहाटे बारा अंशांवर तो 339 च्या घरात असतो. त्यामुळे थेट बाजूच्या आवाजाचा उशीर थंडीत उन्हाळ्यापेक्षा तीसेक मायक्रोसेकंदांनी वाढतो. समोरच्या बाजूला दहा ओळखणारा कान बाजूला तितका तीक्ष्ण नसतो, म्हणून हे तीस कुठल्या कुठे विरून जातात आणि ऋतू बदलला म्हणून दिशा चुकली असे कोणाचे होत नाही. तरी तुमच्या डोक्याची रुंदी आवाजाच्या हिशेबात उन्हाळ्या-हिवाळ्यात बदलते, ही कल्पना मला आवडते.

या सगळ्याचा पाठपुरावा करणारा पहिला मोठा माणूस लॉर्ड रॅले. अरगॉन वायूच्या शोधासाठी 1904 चे नोबेल मिळवलेला हा भौतिकशास्त्रज्ञ 1876 च्या सुमारास आपल्या हिरवळीवर डोळे मिटून उभा राहायचा आणि भोवती उभ्या केलेल्या माणसांपैकी कोण बोलले ते बोटाने दाखवायचा. डावे-उजवे त्याला अचूक कळे. ध्वनिकाट्याचा शुद्ध सूर मात्र समोरून आला की पाठीमागून, यात त्याची गफलत होई. तेव्हा त्याचे मत असे की आवाजाच्या बाजूच्या कानाला तो मोठा ऐकू येतो आणि त्यावरून दिशा कळते. मोठ्या डोक्याआड लहान लाटा अडतात, हे खरेच आहे. पण खर्जातल्या आवाजाच्या लाटा दोन-दोन मीटर लांब. त्या डोक्याला जुमानत नाहीत, दोन्ही कानांत सारख्याच मोठ्या पोचतात. मग खर्जाची दिशा कशी कळते? याचे उत्तर त्याला 1907 मध्ये मिळाले. त्याने दोन ध्वनिकाटे घेतले, एकमेकांपासून अगदी जरासे बेसूर, आणि एकेकाचा आवाज एकेका कानात सोडला. आवाज डोक्याभोवती उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे फिरू लागला.

हा प्रयोग आज फोनवर होतो, आणि वाचन थांबवून करण्यासारखा आहे. सूर काढणारे एखादे टोन जनरेटर अ‍ॅप घ्या, ज्यात दोन्ही कानांचे आकडे वेगळे ठेवता येतात. इयरफोन लावा, आवाज हळू ठेवा. डावीकडे 220, उजवीकडे 220.5. आवाज डोक्यातल्या डोक्यात एका कानाकडून दुसऱ्याकडे सरकताना जाणवेल, दोन सेकंदांत एक फेरी. आता एका कानातला इयरफोन काढा. उरलेल्या कानात सूर मुकाट, सपाट, एका जागी उभा. दुसऱ्या कानाचेही तेच. म्हणजे फिरणे ना डाव्या कानात आहे ना उजव्या. दोन कानांकडून आलेल्या वेळा जिथे शेजारी शेजारी ठेवल्या जातात तिथे, मेंदूच्या देठात, ते तयार होते. आकडे 3000 आणि 3000.5 केले तर फिरणे बंद पडते. कारण हा बारीक हिशेब माणसात साधारण 1400 कंपनांपर्यंतच चालतो. त्याच्या वर लाटा इतक्या भराभर येतात की कोणती लाट कोणत्या लाटेची जोडीदार, हे मेंदूला जुळवता येत नाही.

इथे गाणाऱ्यांनी कान टवकारावेत. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा मध्य षड्ज 139 च्या आसपास, तार षड्ज त्याच्या दुप्पट, अतितार चौपट. आपल्या गायकीचा सगळा पसारा, अगदी वर चढणाऱ्या बाईंच्या आवाजासकट, चौदाशेच्या आत येतो. माणसाच्या गळ्यातून निघणारा जवळजवळ प्रत्येक मूळ सूर त्या पट्ट्यात आहे जिथे कान लाटेचा एकेक उंचवटा मोजतात. आणि तारेतला अर्ध्या कंपनाचा बेसूरपणा हा रॅलेच्या प्रयोगात जागेचा बदल होऊन ऐकू येतो. सूर आणि दिशा या दोन वेगळ्या गोष्टी आपण मानतो. पण या खालच्या पट्ट्यात दोन्हींचा कच्चा माल एकच. लाटेच्या तालावर ठोके देणाऱ्या त्याच मज्जातंतूंकडून तो येतो.

तानपुरा जुळवणाऱ्याला याचा एक भाऊबंद चांगला माहीत असतो. जोडीच्या दोन तारा जवळ आल्या पण मिळाल्या नाहीत की आवाजात हेलकावे येतात: फुगतो, बसतो, फुगतो. खुंटी हळूहळू पिळावी तसे हेलकावे लांबत जातात, मग मणी खालीवर करून शेवटचा फरक घालवायचा, आणि एका क्षणी दोन तारांची एक तार होते. हे हेलकावे हवेतच तयार होतात, एका कानानेही ऐकू येतात. रॅलेचे फिरणे त्याहून निराळे. ते हवेत कुठेच नसते.

मिरजेच्या तानपुऱ्याची घोडी सपाट नसते, तिला हलकासा उतार असतो आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी, म्हणजे तारेचा झंकार, उघडतात. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये यावर निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडली तिथे गाठ, म्हणजे न हलणारा बिंदू, असलेले उपस्वर निघूच नयेत, असा जुना नियम होता. तानपुऱ्यात ते निघतात, ठसठशीत निघतात. म्हणून तानपुऱ्याच्या एका झंकारात खर्जापासून थेट सुईसारख्या वरच्या उपस्वरांपर्यंत सगळे असते. खालच्या भागाची दिशा कान वेळेने ओळखतात, वरच्या भागाची दिशा लहानमोठेपणाने. रॅलेला दोन वेगवेगळ्या खेपांत जे शोधावे लागले, ते एका तानपुऱ्यात एकत्र नांदते.

डोक्यात नेमके काय होते याचे एक सुंदर चित्र लॉइड जेफ्रेस याने 1948 मध्ये मांडले. दोन्ही कानांकडून तंतू येतात, वाटेत पेशींची रांग. प्रत्येक पेशीकडे येणारी डावी-उजवी वाट वेगवेगळ्या लांबीची. ज्या पेशीपाशी दोन्ही निरोप एकदम पोचतात तीच जोरात बोलते. कोणती पेशी बोलली यावरून दिशा. हे चित्र गव्हाणी घुबडात जवळजवळ जसेच्या तसे सापडले. अंधारात नुसत्या खसफसीवरून उंदीर टिपणारा हा पक्षी; मासाकाझू कोनिशी आणि कॅथरीन कार यांनी त्याच्या मेंदूत या वाटा 1990 पर्यंत दाखवून दिल्या. पण सस्तन प्राण्यांनी वेगळाच मार्ग धरला असे पुढच्या संशोधनातून दिसले. आपल्यात अशी नीटस रांग नसावी. मेंदूच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या पेशींचे गट किती जोरात बोलतात याची तुलना होत असावी, आणि काही पेशींना अचूक वेळी गप्प करण्यावर सगळे अवलंबून असावे. त्या गप्प करणाऱ्या निरोपाच्या वाटेवर मेंदूतल्या सर्वांत मोठ्या मज्जासांध्यांपैकी एक आहे, हान्स हेल्डने 1893 मध्ये पाहिलेला. एवढा मोठा सांधा का, तर निरोप जराही रेंगाळू नये म्हणून.

दिशा कळणे हा या यंत्राचा अर्धाच उपयोग. उरलेला अर्धा पाहायचा तर नाथषष्ठीला पैठणला जावे. चारी बाजूंनी दिंड्या, शेकडो टाळ, पखवाज, कर्णे, आणि त्यातही बुवांचा अभंग आपल्याला ऐकू येतो. एका कानात बोट घालून पाहा, अभंग टाळांत बुडतो. 1948 मध्येच आयरा हर्श आणि जे. सी. आर. लिक्लायडर यांनी स्वतंत्रपणे दाखवलेली गोष्ट तर जादूच वाटते. एका कानात खरखर आणि तिच्यात बुडालेला सूर द्या, सूर ऐकू येत नाही. आता दुसऱ्या कानात तीच खरखर, सुराशिवाय, सोडा. एकूण गोंगाट वाढला, आणि सूर वर आला! दोन कानांतली खरखर मेंदू जुळवून बाजूला काढतो, जे जुळत नाही ते उरते. अनुकूल मांडणीत, खालच्या सुरांसाठी, हा फायदा 15 डेसिबलपर्यंत जातो. शक्तीच्या हिशेबात तीसपट. हे काम पुन्हा त्याच मायक्रोसेकंदांच्या हिशेबावर चालते.

वेरूळच्या दहाव्या लेण्यात, सुतार की झोपडीत, याची दुसरी बाजू दिसते. लाकडी वाशांची नक्कल करून दगडात कोरलेले ते कमानदार छत, पंचवीसेक मीटर लांबीचा तो दगडी चैत्य; एक ओंकार सोडला तर किती वेळ घुमत राहतो. सहा मीटरवरच्या दगडावर आपटून परतणारा आवाज सुमारे 35 मिलिसेकंद उशिरा येतो, म्हणजे 35,000 मायक्रोसेकंद. तरीही गाइड कुठे उभा राहून बोलतो आहे याबद्दल आपल्याला क्षणभर शंका येत नाही. कारण पहिली लाट आली की दिशेचा निकाल मेंदू तिच्यावरच देऊन टाकतो आणि मागून येणाऱ्या लाटांना दिशेच्या बाबतीत बोलू देत नाही. 1949 मध्ये वॉलाक, न्यूमन आणि रोझेनझ्वाइग यांनी याला ‘पहिल्याचा मान’ अशा अर्थाचे नाव दिले. दहा मायक्रोसेकंदांची कदर करणारे यंत्र 35,000 मायक्रोसेकंदांचा प्रतिध्वनी दिशेच्या हिशेबात धरतच नाही.

आता मुख्य प्रश्न. रियाजाने कानांचे हे घड्याळ आणखी बारीक होते का?

आधी एक गैरसमज बाजूला ठेवायला हवा. संगीतकाराची लय बारीक, म्हणून त्याच्या कानाची वेळही बारीक, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तबल्यावर सेकंदाला पंधरा बोल निघाले, आणि ते काही ऐऱ्यागैऱ्याचे काम नाही, तरी दोन बोलांत 66,000 मायक्रोसेकंद जातात. द्रुत त्रितालातला चक्रदार बिनचूक समेवर आणणारा हात आणि दहा मायक्रोसेकंद मोजणारा मेंदूचा देठ यांच्यात हजारो पटींचे अंतर आहे. समेची जाण आणि दिशेची जाण एकाच ठिकाणी शिकली जात नाही.

सुराच्या बाबतीत मात्र आशा जास्त, कारण वर पाहिले तसे सूर आणि दिशा एकाच मज्जातंतूंवर उभे आहेत. इथे एक अभ्यास आपल्या घरचा आहे. श्रीकांत मिश्रा आणि सहकाऱ्यांनी कर्नाटक संगीत शिकलेले 16 जण आणि न शिकलेले 28 जण घेतले आणि लाटेच्या आतल्या बारीक रचनेतला फरक कोणाला किती कळतो ते मोजले. शिकलेल्यांना बराच लहान फरक कळला, आणि जितकी वर्षे जास्त तितका कान बारीक, असेही दिसले. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाचे महत्त्व असे की असे अभ्यास एरवी बहुतेक पियानो आणि व्हायोलिन वाजवणाऱ्यांवरच होतात. ज्या बारीक रचनेबद्दल हा अभ्यास बोलतो, तीच दोन कानांच्या वेळेचा पाया आहे. अमेरिकेत नीना क्राउस यांच्या गटानेही 2013 मध्ये दोन कानांनी ऐकलेल्या आवाजाला संगीतकारांच्या मेंदूचा देठ अधिक नेटका प्रतिसाद देतो असे मांडले.

इथे थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण बेव्हर्ली राइट आणि मॅथ्यू फिट्झगेराल्ड यांनी 2001 मध्ये साध्या माणसांना रोज तास-तास बसवून दोन कानांतला फरक ओळखायला शिकवले. एका गटाला आवाजाच्या लहानमोठेपणातला फरक, दुसऱ्याला वेळेतला. पहिला गट दिवसेंदिवस सुधारत गेला. वेळेचा गट सुरुवातीला जरासा सुधारला आणि तिथेच थांबला. जणू त्या घड्याळाला आणखी पिळायला खुंटीच नव्हती. आणि 2025 मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून अडीचशेहून अधिक माणसांवर केलेल्या मोठ्या तपासणीत, संगीतशिक्षण आणि मेंदूच्या देठातली ध्वनीची प्राथमिक नोंद यांच्यात संबंध आढळला नाही. जुन्या लहान अभ्यासांवर उभे केलेले बरेच मजले त्यामुळे हलले. शिवाय ज्याचा कान उपजत बारीक तोच गाण्याच्या क्लासात टिकतो, हा संशय अशा तुलनांमधून सहज जात नाही. आपल्याकडे तर गुरू पहिल्याच महिन्यात ‘याला कान आहे’ म्हणून मोकळे होतात.

क्रिस्टोफ मिशेल आणि सहकाऱ्यांचा 2006 चा अभ्यास यावर मिठाचा खडा टाकतो. सुरातला फरक ओळखण्यात पाश्चात्त्य अभिजात संगीतकार सामान्यांच्या सहापट बारीक निघाले. मग सामान्यांना फक्त त्याच एका कामाचा सराव दिला. चार ते आठ तासांत ते संगीतकारांच्या बरोबरीला आले. वर्षानुवर्षे खर्ज घोटणाऱ्याला हे ऐकून राग यावा. मला मात्र यात रियाजाची बदनामी दिसत नाही. आठ तासांत माणूस एका सुराच्या खाचेत बसायला शिकला. शेजारी तबला वाजत असताना, समोर शंभर माणसे असताना, स्वतःचा गळा चालू असताना तो फरक ऐकायला तो शिकलेला नाही.

याच बाजूचा पुरावा 2001 मधला आहे, आणि तो मला सर्वांत बोलका वाटतो. थॉमस म्युंटे आणि सहकाऱ्यांनी ऑर्केस्ट्राचे संचालक, पियानोवादक आणि संगीत न शिकलेले लोक घेतले, समोर आणि बाजूला स्पीकर मांडले आणि कुठल्या स्पीकरकडे लक्ष द्यायचे ते सांगितले. समोरच्या स्पीकरच्या बाबतीत तिन्ही गट सारखेच. बाजूच्या स्पीकरांच्या बाबतीत, म्हणजे जिथे सगळ्यांचाच कान बोथट असतो तिथे, फक्त संचालक वेगळे पडले. पियानोवादकही मागे राहिले, आणि त्यांची मेहनत काही कमी नव्हती. संचालकाचा धंदाच असा की शेवटच्या रांगेतली एखादी व्हायोलिन घसरली तर ती कुठली, हे त्याला त्या क्षणी कळले पाहिजे. जिथे रोज लक्ष द्यावे लागते तिथे लक्ष बारीक होते. घड्याळ सगळ्यांकडे सारखेच; त्यातले काटे कोण पाहतो, हा फरक.

आपल्याकडे या परीक्षेला बसवावेत असे लोक म्हणजे ख्याल गाणारे. गायक नाथराव नेरळकरांसारख्यांनी या शहरात ज्या गाण्यात पिढ्या घडवल्या त्या गाण्याची बैठकच दोन कानांसाठी आखल्यासारखी आहे. पाठीमागे डाव्या-उजव्या अंगाला दोन तानपुरे, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी, मध्ये गाणारा. त्याचा स्वतःचा आवाज दोन्ही कानांत अगदी एकाच क्षणी पोचतो, उशीर शून्य. तानपुरे मात्र बाजूंचे, त्यांचे उशीर वेगळे. पैठणच्या टाळांत अभंग ज्या हिशेबाने वर येतो त्याच हिशेबाने गायकाला आपला षड्ज तानपुऱ्याच्या षड्जात बुडू न देता तपासता येतो. बैठक अशी का मांडली, याचे उत्तर बुजुर्ग ‘भरीव वाटते’ एवढेच देतील, आणि ते बरोबरच आहे.

फोनवरचा तानपुरा आला आणि नेमकी हीच मांडणी गेली. एका लहान स्पीकरमधून सगळा झंकार एकाच बिंदूतून येतो. त्यात खर्ज तर जवळजवळ नसतोच, म्हणजे ज्या पट्टीत कान वेळ मोजतात तिथलाच माल कमी. इयरफोन लावून गाणारी मुले तर तानपुरा डोक्याच्या आत ऐकतात आणि स्वतःचा गळा अर्धा बंद कानांनी. मिरजेच्या तानपुऱ्यांची जोडी घ्यायची तर खिशाला चाट बसते, हे कबूल. पण घरात एखादा जुना फोन पडलेला असतोच. दोन फोन घ्या, दोन बऱ्यापैकी स्पीकर जोडा, डाव्या-उजव्या खांद्याच्या मागे हातभर अंतरावर ठेवा. दोन्ही एकाच सुरात, पण छेडण्याची गती जराशी वेगळी, कारण तानपुऱ्यावर बसलेल्या दोन माणसांची बोटे कधी एकदम पडत नसतात.